बुटक्यांच्या खाणगावात राजापेक्षा पंपवाला मोठा

प्रश्न थोडक्यात असा होता: "मित्रांसोबत खेळायच्या काल्पनिक जगासाठी मी डोंगराच्या पोटात बुटक्यांचं खाणगाव उभं करतोय. नाव पाषाणकोट. भट्ट्या, हातोडे, दारूची पिंपं, सोन्याची शीर, एक हट्टी राजा आणि शेवटी खाणीत वायूचा मोठा स्फोट, एवढं ठरलंय. पण गाव खोटं वाटतं. खाणीच्या भागातलं कुणी सांगेल का, काय कमी आहे?"

मी विदर्भातल्या वणी-घुग्गुस कोळसा पट्ट्यातला. वडील भूमिगत कोळसा खाणीत टिंबरवर होते, म्हणजे छताला लाकडी टेके लावणाऱ्या टोळीत. गोष्टींतले हे खाणकरी बुटके मला भाच्यामुळे माहीत. तो आणि त्याचे दोस्त हेच खेळ रात्ररात्र खेळतात आणि मधूनच फोन करतात, "मामा, खाणीत पाणी घुसलं तं काय होते?" त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले.

तुमच्या गावात खोदणारे भरपूर आहेत, पण खाण जगवणारं कोणीच नाही. माझी तक्रार एवढीच. माल काढणारा एक दिवस आला नाही तर एक दिवसाचा माल बुडतो. पण पाणी उपसणारा, हवा खेळवणारा आणि छत सांभाळणारा, यांच्यातला एक जरी आला नाही तरी खाणच बुडते. खाणगावातली खरी सत्ता या तिघांपाशी असते. हे तिघे आणा, तुमचा राजा आपोआप लहान होईल आणि गोष्ट मोठी.

पाण्यापासून सुरू करतो, कारण काल्पनिक खाणी मला नेहमी कोरड्या ठणठणीत दिसतात. जमिनीत पोकळी केली की आजूबाजूचं पाणी तिकडे धावतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये खाणीजवळच्या गावांतल्या विहिरी तळाला जातात आणि खाणीचा पाइप मात्र नाल्यात धो धो पाणी ओतत असतो. एकच पाणी, इकडून गेलं आणि तिकडून निघालं. वाफेचं इंजिनसुद्धा आधी गाडी ओढायला आलं नाही. न्यूकमेनचं 1712 चं इंजिन खाणीतलं पाणी उपसायला होतं.

तुमच्या जगात वीज नसणार, वाफही बहुधा नसेल. मग हे ध्यानात ठेवा: ओढून घेणारा पंप पाणी दहा मीटरच्या वर चढवूच शकत नाही, प्रत्यक्षात सात-आठच. हवेचा दाब तेवढाच. म्हणजे शंभर मीटर खोल खाणीत डझनभर टप्पे लागतील, दर टप्प्यावर एक हौद, दर हौदावर एक पंप आणि तो चालवणारी पाळी. खालचा पंप थांबला की पाणी कामाच्या जागी चढायला लागतं. मधला थांबला की त्याच्या खालचा हौद भरून वाहतो. अ‍ॅग्रिकोलाच्या 1556 साली छापलेल्या खाणकामावरच्या लॅटिन ग्रंथात पाणचक्कीवर चालणारे, एकावर एक रचलेले असे पंप चित्रांसकट आहेत. ती चित्रं बघा, अर्धं पाषाणकोट तिथेच सापडेल.

तुमचं गाव डोंगरात आहे हे मात्र नशीब. पायथ्याशी आडवा बोगदा काढला की त्याच्या वरच्या कामांचं पाणी आपसूक वाहून जातं. आमच्या सपाट मुलखात ही सोय नाही. पण त्या बोगद्याच्या तोंडाशी कोण राहतं, हे ठरवलंय का? खनिजात गंधक असेल तर खाणीचं पाणी आंबट होतं, लोखंड विरघळून ओढा तांबडा होतो, मासे मरतात. खालच्या खोऱ्यात माणसांची शेती असेल तर बुटक्यांचं त्यांच्याशी भांडण सोन्यावरून होणार नाही, या ओढ्यावरून होईल. खाण शेजारच्या शेतीला कशी नडते, ते इकडे कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून ज्याचं वावर आहे त्याला विचारा. बोंड उमललं तरी धुळीने कापूस पांढरा दिसत नाही, राखाडी दिसतो, आणि व्यापारी बोटाने चोळून भाव पाडतो.

गावाला तोंडं किती हेही पाहा. इंग्लंडातल्या हार्टली खाणीत 1862 च्या जानेवारीत पंपाच्या इंजिनाची अजस्र लोखंडी तुळई मोडून खाली पडली आणि खाणीत उतरायची एकुलती एक विहीर, म्हणजे उभी वाट, बुजली. खाली अडकलेले आणि पडझडीत सापडलेले मिळून 204 जण गेले. त्याच वर्षी तिथे दोन वाटा सक्तीच्या करणारा कायदा झाला. आपल्याकडेही भूमिगत खाणीला दोन वाटा लागतातच. बुटक्यांचा तो भव्य एकमेव कोरीव दरवाजा चित्रात शोभतो, पण ज्या गावाला एकच दार आहे त्या गावाने अजून मोठा अपघात पाहिलेला नाही, असाच त्याचा अर्थ. की पाहिला आणि राजाने दुसऱ्या दाराला पैसा दिला नाही? हे तुम्ही ठरवा.

दोन तोंडं हवेसाठीही लागतात, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. पंखा नसेल तर बाहेर जाणाऱ्या विहिरीच्या तळाशी मोठा जाळ करून हवा वर ओढत असत. आणि हवा सरळ वाटेने पळून जाऊ नये म्हणून जागोजागी दारं. एक दार उघडं राहिलं की पुढच्या कामाच्या जागेवरची हवा मरते. तुमच्या पाषाणकोटात दारावर बसणारा कोण? ब्रिटिश खाणींत एके काळी लहान लेकरं अंधारात हे काम करायची.

आता स्फोट. वाईट वाटून घेऊ नका, पण सोन्याच्या खाणीत वायूचा भडका सहसा शोभत नाही. मिथेन हा मुख्यतः कोळशाचा सोबती. हवेत तो साधारण 5 ते 15 टक्के असला की ठिणगीला पेटतो. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर स्फोट होत नाही. हलका असल्यामुळे छताला चिकटून राहतो. कार्बन डायऑक्साइड जड, तो खोलगट जागी तळाला साचतो. गंमत बघा, बुटक्याचं नाक जमिनीजवळ, म्हणजे त्याला तळातला वायू आधी गाठणार आणि छताचा वायू पत्ताच लागू देणार नाही. 1815 मध्ये डेव्हीचा सुरक्षा दिवा आला, त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढली की मिथेन आहे हे कळायचं. बुटक्यांना तो दिवा काठीला बांधून वर धरावा लागेल. असा काठीवाला दिवेकरी प्रत्येक टोळीच्या पुढे चालतोय, एवढं एक चित्रच माझ्यासारख्याला पुरेल.

सोनंच ठेवायचं असेल तर स्फोटाऐवजी खडक फोडा. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या, 2001 मध्ये बंद झाल्या. तेवढ्या खोलीवर खडकावर इतका दाब असतो की भिंत अचानक तडकून तुकडे अंगावर येतात. त्याला ना वायू लागतो ना ठिणगी. शिवाय खाली उष्मा, अगदी चंद्रपूरच्या मे महिन्याला लाजवणारा. दुसरं, टनाला पाच ग्रॅम सोनं धरलं तर एका तोळ्यासाठी सव्वादोन टनांहून जास्त दगड फोडून, दळून टाकावा लागतो. मग राजाच्या सोन्याच्या सिंहासनासाठी फोडलेल्या दगडाचा चुरा गेला कुठे? आमच्या भागात खुल्या खाणींनी जमिनीत खड्डे केले आणि शेजारी मातीचे डोंगर घातले. लांबून पाहणाऱ्या पाहुण्याला ते खरे डोंगर वाटतात, पावसाळ्यात त्यांच्यावर बाभळी-बिभळी उगवतात. पाषाणकोटाच्या बाहेर असे दोन-तीन डोंगर हवेत, आणि म्हाताऱ्यांना त्यातला कोणता डोंगर कोणत्या राजाचा हे तोंडपाठ हवं.

छताबद्दल मात्र मला जरा ऐसपैस लिहू द्या. वडील कामाच्या जागी पोचले की आधी काठीने छत ठोकत. एक हात काठीवर, दुसऱ्या हाताचा तळवा छताला टेकलेला. टणक आवाज आला तर पुढे. पोकळ, भद्द आला, किंवा तळव्याला थरथर लागली, की तो तुकडा वरच्या थरापासून सुटलेला. मग आधी तो पाडायचा नाहीतर टेका द्यायचा, तोवर खाली कोणी उभं राहायचं नाही. लोखंडी टेके आले तरी जुन्या माणसांचा जीव लाकडावर. लाकूड भार आला की करकरतं, तंतू तुटायला लागतात, माणसाला पळायला वेळ मिळतो. वडील म्हणायचे, "लाकूड सांगून मरते, लोखंड न सांगता मरते." तुमच्या बुटक्यांना पोलादाचा फार अभिमान असतो ना? मग एक जुनी टोळी हवी जी पोलादी टेक्यांना हातच लावत नाही, आणि तरुण पोरं तिला हसतात.

आणि सगळ्या कथानकाचं मूळ इथेच आहे. खाणीत जमीन पेलायला मालाचेच खांब सोडावे लागतात. बाकीचा माल संपला की उरलेला सगळा त्या खांबांत. कोळशाच्या खाणीत शेवटी मागे मागे सरत हे खांबही काढतात आणि छत मुद्दाम बसू देतात. किंवा नदीची रेती पाण्यासोबत आत सोडून पोकळी भरतात. विदर्भातल्या भूमिगत मँगनीज खाणींतही रेतीनेच भरतात. पण वर गाव वसलेलं असेल तर? पाषाणकोटाची शीर संपत आलीय, सगळ्यात चांगलं सोनं दरबाराखालच्या खांबांत आहे, राजाला ते हवंय, आणि रेती आणायची तर खालच्या खोऱ्यातल्या नदीची, जिथल्या लोकांचा ओढा यांनीच नासवलाय. यात राक्षस, ड्रॅगन काही लागत नाही. आणायचाच असेल तर आणा बाप्पा, पण नंतर.

भट्ट्यांबद्दल एवढंच, की त्या फार मोठ्या दाखवू नका. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीकडे नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची, मातीच्या विटांची, भात्याच्या नळ्यांसकट. लहानशीच. मोठा लागतो तो जंगलाचा पट्टा, लाकडी कोळसा पाडायला. टेक्यांनाही लाकूड लागतं आणि भट्टीलाही, तेव्हा टिंबरवाले आणि लोहार एकमेकांचं तोंड पाहत नसतील.

गावात सगळे एकाच कुळाचे बुटके नकोत. आमच्या खाण कॉलनीत तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी, उडिया, मराठी सगळे शेजारी, आणि खाली गेल्यावर सगळ्यांची मिळून एक वेगळीच हिंदी. ज्यांची शेती खाणीत गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी लागली, ते आणखी निराळे. नोकरी कोणत्या भावाला, यावरून घरं फुटतात. बायका पूर्वी खाली कोळसा उचलायच्या, 1952 च्या कायद्यात त्यांना भूमिगत कामाची बंदी होती, 2019 पासून काही कामांना मुभा मिळाली. तुमच्या बुटक्या बायका दिसतच नाहीत, त्यांना पंपावर बसवा.

दारूच्या पिंपांऐवजी मी लॅम्प रूम दाखवेन. तिथे टोकन देऊन दिवा घ्यायचा, वर आलं की दिवा देऊन टोकन परत. कोण वर आलं आणि कोण खाली राहिलं, हे तिथल्या खिळ्यांवर एका नजरेत कळतं. अपघाताच्या रात्री अख्खी कॉलनी त्या खिडकीपुढे उभी असते, साहेबाच्या केबिनपुढे नाही.

खेळाची सुरुवात करायची तर माझ्या मते अशी करा: सकाळचा भोंगा झालाय, टोळ्या खाली जायला तयार आहेत, आणि सगळ्यात खालच्या पंपाची रात्रपाळी वर आलेली नाही. खेळाडूंना आधी तिथे पाठवा, राजाची भेट दुसऱ्या दिवशी.

आणि डोंगर कोणत्या दगडाचा ते प्रश्नात लिहा. चुनखडीचा असेल तर आत गुहा असणार, पाणी कुठूनही शिरेल आणि वर सांगितलेलं पंपांच्या टप्प्यांचं गणित बदलावं लागेल.