अनुप्रास सोडू नका, रोमन स्पेलिंग मात्र तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. 'हर्षिता हंसगामिनी' हे तुमच्या पात्राचं नाव ऑनलाइन गेमने स्वतः मान्य केलं, त्या नावाने तुम्ही एवढं खेळलात, आणि आता 'अयोग्य नाव, मुदतीत बदला, नाहीतर आम्ही बदलू' अशी नोटीस. वर गिल्डमधला, म्हणजे तुमच्या खेळाडूंच्या गटातला, कुणीतरी म्हणतो की दोन्ही शब्द एकाच अक्षराने सुरू होणारी नावं तशीही बालिशच. मला अशीच नोटीस आली होती. गेम वेगळा, नाव वेगळं, बाकी सगळं तेच.

आधी कारण, कारण ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. हर्षिता रोमन लिपीत लिहा आणि चौथ्या अक्षरापासून चार अक्षरं वाचा. ती इंग्रजी शिवी आहे. क्षितिज, Dikshit असं लिहिलेलं दीक्षित, Shital असं लिहिलेलं शीतल, सगळ्यांची हीच गत. हा घोळ जुना आहे. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना, गावाच्या नावात शिवी सापडली म्हणून, खातंच उघडू दिलं नव्हतं. तेव्हापासून याला 'स्कनथॉर्प प्रॉब्लेम' म्हणतात. सपोर्टला लिहिताना हे दोन शब्द जरूर वापरा, निदान वाचणाऱ्याला विषय कळेल.

माझ्या पात्राचं नाव होतं क्षितिजा क्षारवेली. मिठागरात वाढलेली, जखमांवर मीठपाण्याचे उपचार करणारी वैदू. आम्ही तिघाचौघांनी मिळून सगळं क्षारवेली घराणं उभं केलं होतं, प्रत्येकाचं नाव 'क्ष'ने सुरू होणारं. तक्रार कुणी केली ते कळलं नाही. सपोर्टचं पहिलं उत्तर आलं: 'आपल्या नावात आक्षेपार्ह शब्द आढळला.' कुठला, ते नाही. मी शब्दकोशातल्या पानाचा फोटो पाठवला, अर्थ समजावून लिहिला. पुढचं उत्तर दुसऱ्याच माणसाचं, त्याला तोच फोटो परत हवा होता. मग मी म्हटलं, ठीक आहे, आय काढून दोन ई घालते, शिवी आपोआप मोडते. त्यावर लेखी उत्तर आलं की तिकीट, म्हणजे माझी तक्रार, उघडं आहे तोवर नावावर कारवाई होणार नाही.

कारवाई झाली. मुदत संपली त्याच रात्री नाव गेलं आणि जागी आली अक्षरं-आकड्यांची एक रांग. फुकट नाव बदलायची सोय मुदतीपुरतीच होती, त्यामुळे त्या रांगेतून सुटायला मला पैसे भरावे लागले. आणि तोपर्यंत 'क्षितिजा' हे नाव, दोन ई घालूनसुद्धा, माझ्या खात्यावर बंद! स्वतःचंच लेखी आश्वासन त्यांना दाखवलं, तर उत्तर आलं, 'निर्णय अंतिम आहे.' पैशांचं एवढं नाही. पण क्षितिजाच्या नावाने लिहिलेली पत्रं, घराण्याच्या नोंदी, नवीन येणाऱ्यांना सांगितली जाणारी तिची गोष्ट, सगळ्यातलं मुख्य नावच हरवलं. घराण्यातले दोघे त्यानंतर खेळायचे थांबले. आजही त्याचा राग येतो.

म्हणून कळकळीने सांगते: अपील चालू आहे म्हणून मुदत उलटू देऊ नका, त्यांनी काहीही लिहून दिलं तरी. मुदतीच्या आत फुकटातला बदल पदरात पाडून घ्या, भांडण नंतर करा. प्रत्येक गेमचे नियम वेगळे असतात, तुमच्याकडे कदाचित माणसं बरी असतील. मी माझ्या अनुभवावरून बोलतेय.

आता 'बालिश'बद्दल. हे मला अजिबात पटत नाही. धावत्या चॅटमध्ये शंभर नावं सरकतात, त्यात अनुप्रासाचं नाव डोक्यात राहतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला मिलहाउस मॅनास्टॉर्म एकदा भेटला की विसरत नाही. रोलप्लेमध्ये, म्हणजे पात्र बनून बोलत-वागत खेळताना, तर अनुप्रासाने नातंही दिसतं. जुन्या इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा एथेलवुल्फ, त्याची मुलं एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड आणि आल्फ्रेड. जुन्या इंग्रजी कवितेत कुठलाही स्वर कुठल्याही स्वराशी जुळलेला चालायचा, त्यामुळे आल्फ्रेडही त्या माळेत बसतो. आपल्याकडे बाळाजी बाजीराव म्हणून बघा, बापाचं नाव जोडलं की अनुप्रास आपसूक होतो. पात्राला वडिलांचं नाव द्यायची ही सोपी युक्ती आहे.

बालिश वाटतात ती नावं ज्यांच्यात अनुप्रास फक्त डोळ्याला दिसतो. 'शॅडो स्लेयर' घ्या: रोमनमध्ये दोन्हीकडे एस, कानाला एकीकडे श आणि दुसरीकडे स. आपल्या भाषेतही हे होतं. 'जयंती जहाजे' लिहायला छान, पण जयंतीतला ज आणि जहाजातला ज वेगळे, आणि व्हॉइस चॅटवर मराठी माणसाला ते लगेच खटकतं. त आणि ट रोमनमध्ये सारखेच दिसतात, तिथेही तेच. नाव ठरवण्याआधी मोठ्याने म्हणून बघा, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घ्या.

आणखी एक, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: दोन शब्दांचा सांधा. काही ठिकाणी नावातली जागा गळून शब्द चिकटतात. 'हंस हितवर्धन' निर्दोष वाटतं, पण चिकटवून लिहा, हंसचा एस आणि हितचा एच एकत्र आले की परत तीच शिवी.

अक्षरांची मर्यादाही बघा. वॉरक्राफ्टमध्ये २ ते १२ अक्षरं, मध्ये जागा नाही, त्यामुळे आडनाव टोटल आरपी ३ या ॲडऑनमध्येच (गेमला वरून जोडायच्या प्रोग्रॅममध्ये) घालावं लागतं आणि ते ॲडऑन असणाऱ्यांनाच दिसतं. फायनल फँटसी १४ मध्ये नाव आणि आडनाव प्रत्येकी १५ पर्यंत, पण मिळून २०. गिल्ड वॉर्स २ मध्ये जागेसकट १९. घराणं उभं करणार असाल तर सगळ्यांची पहिली तीन-चार अक्षरं सारखी ठेवू नका. रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाच्या लढाईत, हीलरला (उपचार करणाऱ्या खेळाडूला) छोट्या चौकटीत नाव कापून दिसतं, आमच्या हीलरला समोर नुसते 'क्ष', 'क्ष', 'क्ष' दिसायचे आणि भलत्यालाच उपचार मिळायचे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर हंसगामिनी अजिबात सोडू नका, फार सुंदर आहे. पहिल्या नावात दोन ई घालून स्पेलिंग स्वीकारतात का ते आजच करून बघा. नाही म्हणाले तर हरिणी किंवा हेमांगी, दोन्हींत शिवी दडलेली नाही. आणि बदल करण्याआधी पात्राच्या माहितीचा सगळा मजकूर, जुन्या नावाची पत्रं, मित्रांची यादी, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मुदत नक्की कोणत्या टाइमझोनची आहे तेही नोटिशीत बघून घ्या, माझ्या वेळी ती भारतीय वेळेची नव्हती.