आईच्या पोर्ट्रेटवर चार चित्रकारांनी चार गोष्टी सांगितल्या, आता कुणाचं ऐकू?

तुम्ही लिहिलंय की आईचं ऑइलमध्ये पोर्ट्रेट करताय, चार चित्रकार मित्रांना दाखवलं, एक म्हणाला नाक वाकडं आहे, दुसरा म्हणाला रंग मेलाय, तिसऱ्याला डोळे खटकले, चौथा म्हणाला मस्त झालंय, आणि तुम्ही पहिल्याचं ऐकून नाक बदललं तर आता घरच्यांना ती आईच वाटेना. मग ऐकायचं कुणाचं आणि थांबायचं कुठे.

आधी तातडीचं सांगतो. नवं नाक अजून ओलं असेल आणि खालचा थर सुकलेला असेल तर कोरड्या सुती फडक्याने हळूच पुसून बघा, बरंचसं निघतं. नाहीच निघालं तर फडक्याला अगदी थोडं टर्पेंटाईन, जास्त नको, नाहीतर खालचा थर पण उठेल. आणि सुकलंच असेल तर राहू दे तसंच, आज त्याला हात लावू नका. कारण मला दाट शंका आहे की चूक नाकात नव्हतीच.

असं का म्हणतोय ते सांगतो. मी कोल्हापूरचा, नोकरी फाउंड्रीत, चित्रकला रविवारची. आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी एकाच्या माडीवर जमतो. एक रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर आहेत, एक बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी घेतलेली मुलगी आहे, एक बँकेतले आहेत जे फक्त वॉटरकलरमध्ये लँडस्केप करतात, आणि एक आमचे पेंटर, म्हणजे फ्लेक्स येण्याआधी ज्यांनी आयुष्यभर हाताने मोठमोठी बॅनरं आणि पुढाऱ्यांची तोंडं रंगवली ते. पाचवा मी. मी माझ्या आत्याचं पोर्ट्रेट घेतलं होतं, १८ बाय २४ इंचाचा कॅनव्हास. आत्या ७८ वर्षांची, इरकली साडी, डोक्यावर पदर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. सोप्यात खिडकीशेजारी बसवली, मान थोडी वळलेली आणि थोडी कललेली. तिला वीस मिनिटांच्या वर बसवत नाही, पाय वळतात, त्यामुळे दोन बैठका झाल्या आणि बाकी सगळं मोबाईलच्या फोटोवरून. (फोटोचं एक सांगून ठेवतो, मोबाईल अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात. दोन-अडीच मीटर लांब उभं राहून काढायचा आणि मग कापून मोठा करायचा. तुमच्या नाकाची गोष्ट इथेच संपत असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल.)

पहिल्या रविवारी चित्र भिंतीला टेकवलं. सर म्हणाले डावा डोळा वर गेलाय. मुलगी म्हणाली स्किन चॉकी झालीय, खडू फासल्यासारखी. बँकवाले म्हणाले मान फार लांब आलीय. पेंटर काहीच बोलले नाहीत, चहाचा कप घेऊन पार जिन्याच्या दारापर्यंत मागे गेले, तिथून डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "तोंड मळकं दिसतंय की रे. मागं भिंत कसली केलीयस?" मी मनात म्हटलं यांना काय विचारायचं, मी विचारतोय चेहऱ्याचं आणि हे बघतायत भिंत.

घरी आलो आणि एका रात्रीत सगळं दुरुस्त करून टाकलं. डोळा खाली घेतला, कातडीत पिवळा वाढवला, मान कापून आखूड केली. पुढच्या रविवारी सगळे गप्प. मग सर म्हणाले, "ही तुझी आत्या नाही, आत्याची नणंद आहे." आणि खरंच तसंच दिसत होतं, एका अनोळखी पण नात्यातल्या बाईचं चित्र. म्हणजे तुमचं जे झालंय तेच.

पॅलेट नाईफने ते सगळं खरवडून काढलं आणि पुढचे चार-पाच रविवार आम्ही एकेक तक्रार घेऊन तिचं मूळ शोधत बसलो, मजा त्यातच आली.

डोळ्याचं आधी. सरांनी ब्रशची दांडी चित्रावर आडवी धरली, दोन्ही डोळ्यांच्या रेषेत. मग तीच दांडी तशीच सरळ खाली सरकवत ओठांवर आणली. डोळ्यांची रेघ कललेली, ओठांची आडवी! झालं काय होतं, डोळे मी फोटोवरून काढले ज्यात मान कललेली, आणि तोंड दुसऱ्या बैठकीत काढलं तेव्हा आत्या दमून सरळ बसली होती. डोकं कललं की डोळे, नाकाचा तळ, ओठ सगळ्या रेघा बरोबरच कलतात. डोळा बरोबर होता, ओठाचा एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खाली यायला हवा होता. तेवढं केलं आणि डोळा आपोआप जागेवर बसला. सरांना खटकलं ते खरंच होतं, फक्त त्यांचं बोट ज्यावर गेलं तो बिचारा निर्दोष होता.

मानेचं पण तसंच निघालं. मान लांब नव्हतीच, हनुवटीखालची सावली मी फार उजळ ठेवली होती, त्यामुळे जबडा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते तेच कळत नव्हतं, सगळा एकच पट्टा. तिथे बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरिन (गडद निळा) मिसळून गडद टोन, म्हणजे गडद छटा घातली, काळा नाही घातला, आणि मान इंचभर आखूड झाली, तिची रेघ मी हलवलीही नाही. यासाठी एक साधी गोष्ट करा, चित्राचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करा आणि तुमच्या मूळ फोटोचाही करा, दोन्ही शेजारी ठेवा. रंग गेला की टोनची, म्हणजे कुठे किती उजळ आणि किती गडद याची चूक लगेच दिसते. आरशात उलटं बघणं तर सगळेच सांगतात, तेही कराच.

आता कातडीचा रंग, यावर जरा जास्त बोलतो कारण तुमच्या दुसऱ्या मित्राचं "रंग मेलाय" हे बहुतेक इथलंच असणार. आपण सावळी कातडी रंगवताना एक ब्राऊन करतो, उजेडात टायटॅनियम व्हाईट घालतो आणि सावलीत काळा. टायटॅनियम फार जोरकस पांढरा आहे, तो रंग उजळ करतो पण थंड आणि फिका पण करतो, म्हणून खडू. मुलीने मला पॅलेटवर दाखवलं, उजेडाकडे जाताना आधी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडासा कॅडमियम ऑरेंज, पांढरा सगळ्यात शेवटी आणि नखाएवढा. सावळ्या कातडीवरची चमक मात्र गरम नसते, खिडकीतलं आकाश तिथे दिसतं, ती किंचित निळसर करडी असते. आणि चेहरा एका रंगाचा नसतोच, कपाळ जरा पिवळट, मधला पट्टा म्हणजे नाक गाल कान लालसर, खाली जबड्याकडे करडं. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो हे तर मी वीस वर्षं ऐकत आलोय आणि तरी दर वेळी पांढराच घालतो.

पण एवढं सगळं करूनही तोंड मळकंच राहिलं. तेव्हा कुठे मला पेंटर आठवले. भिंत मी क्रीम रंगाची केली होती कारण सोप्याची भिंत क्रीमच आहे. त्या उजळ क्रीमपुढे आत्याचा चेहरा धुतला नसल्यासारखा दिसत होता. पेंटरनी आयडिया दिली, सुकलेल्या चित्रावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद धरायचा आणि त्याच्यावर रंग लावून बघायचा, आवडलं नाही तर पुसून टाकायचं, खालचं चित्र सुरक्षित. रॉ अंबर (मातकट तपकिरी), अल्ट्रामरिन आणि चिमूटभर ऑकर मिळून मळकट हिरवा-करडा केला, चेहऱ्याच्या उजेडापेक्षा बराच गडद, आणि प्लास्टिकवर भिंतीच्या जागी फासला. चेहरा असा पेटला की मीच दोन पावलं मागे गेलो. चेहऱ्याला ब्रश लागलाच नव्हता. पेंटर म्हणाले, "चाळीस फुटी बॅनरात जवळून काय दिसत नाही रे, लांबून बघावं लागतं, तेव्हा शेजार दिसतो."

कधी पणजीला गेलात तर फोंतैन्यास भागातल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आंतोनियो शावियर त्रिंदाद यांची चित्रं आहेत ती बघा. हा गोव्याचा माणूस, १८७० ते १९३५, मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला, त्यांना पूर्वेचे रेम्ब्रां म्हणायचे, रेम्ब्रां म्हणजे गडद अंधारातून उजळ चेहरे काढणारा जुना डच चित्रकार. सावळ्या चेहऱ्याला गडद पार्श्वभूमीतून उजेड कसा मिळतो हे तिथे उभं राहून जेवढं कळतं तेवढं व्हिडिओत कळत नाही. आणि पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषात आणि एक स्त्रीवेषात. कपडे, दागिने, उभं राहणं सगळं वेगळं आणि माणूस एकच. त्या दोन चित्रांपुढे उभं राहून शोधा की सारखं काय ठेवलंय. मी शोधलं तेव्हा मला नाक-डोळे आठवले नाहीत, डोकं मानेवर कसं बसलंय ते आठवलं.

दाखवायच्या आधी एक काम मात्र करत जा, नाहीतर फुकटच्या सूचना मिळतात. ऑइलमध्ये काही भाग, विशेषतः अंबरवाले गडद भाग, सुकले की तेल आत शोषलं जाऊन मॅट पडतात आणि राखाडी दिसतात. लोक म्हणतात सावली फिकी झालीय. सावली काही फिकी झालेली नसते, तिथे अगदी पातळ जवसाचं तेल चोळून लगेच फडक्याने पुसून घ्यायचं, मूळ रंग परत वर येतो. चित्र सुकलेलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात त्याला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात. आणि दाखवायचं ते दिवसाच्या उजेडात, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर कुणी रंगाबद्दल बोललं तर हसून सोडून द्या, त्याच्या स्क्रीनवर तुमची आई कुठल्या रंगाची आहे देव जाणे.

विचारताना "कसं झालंय" असं विचारू नका. तुमचा चौथा मित्र जो मस्त म्हणाला त्याचा दोष नाही, प्रश्नच तसा होता. आम्ही आता विचारतो, "तुझी नजर पहिल्यांदा कुठे अडकली?" फक्त जागा सांगायची, उपाय नाही सांगायचा. तिघांची नजर एकाच पट्ट्यात अडकली तर तिथे किंवा त्याच्या शेजारी नक्की काहीतरी आहे. मग आपण शोधायचं, आधी ड्रॉइंग, मग टोन, मग रंग, कडा मऊ का कडक ते सगळ्यात शेवटी. ड्रॉइंग चुकलेलं असताना कडांवर चर्चा करणारे पण भेटतात, मी स्वतः त्यातला एक होतो. आणि दुरुस्तीचे थर चढवताना वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, नुसत्या टर्पेंटाईनने पातळ केलेला रंग जाड तेलकट थरावर मारलात तर पुढे तडे जातात.

थांबायचं कधी? माझ्यापुरतं सांगतो, जोपर्यंत लोक "हे असं नसतं" म्हणतायत तोपर्यंत काम चालू. ज्या दिवशी "मी असतो तर असं केलं असतं" सुरू झालं त्या दिवशी ब्रश धुवायचे. बँकवाल्यांनी मला सांगितलं की पदराची कड सैल सोडून भिंतीत विरघळवून टाक, ते त्यांचं वॉटरकलर बोलत होतं. मी नाही केलं. इरकलीचा काठ आहे तो, आत्याला मोजून दाखवावा लागला असता.

तर सहाव्या रविवारनंतर आम्हा पाचही जणांचं एकमत झालं की झालं आता. फक्त मला एकट्याला नाक किंचित वाकडं वाटत होतं पण कुणाला दिसत नव्हतं म्हणून म्हटलं माझ्याच मनाचे खेळ. चित्र आत्याकडे नेलं. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, साडी बघितली, हात बघितला, आणि म्हणाली, "एवढं वाकडं कुंकू लावत्ये व्हय रे मी?"

मी बघतच राहिलो. मान वळलेली होती ना, मग चेहऱ्याची मधली रेघ पलीकडच्या बाजूला सरकते, आणि कुंकू त्या रेघेवर असतं, नाकाच्या बरोबर वर. मी ते दिसणाऱ्या कपाळाच्या मधोमध काढलं होतं. साठ वर्षं रोज आरशासमोर ते कुंकू लावणारीला ते दिसलं, पाच चित्रकारांना नाही. घरी येऊन कुंकवावर कपाळाचा रंग लावला, आठवडा थांबलो, आणि पलीकडे चार मिलिमीटरवर नवीन काढलं. नाक सरळ झालं, नाकाला हात न लावता.

तुमच्या आई टिकली लावतात का? चित्रात ती कुठे आहे ते आधी बघा, नाकाचं मग बोलू. फोटो टाकता आला तर टाका, दिवसाच्या उजेडातला.