क्लोन, प्रतिकृती आणि गुटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगोल्याकडच्या रोपवाटिकेत ‘क्लोन रोप’ म्हणतात, पेपरात ‘क्लोन वासरू’ छापून येतं आणि शाळेच्या निबंधाला ‘मानवी प्रतिकृती : शाप की वरदान’ असा विषय असतो. हे तिन्ही एकच का? क्लोनला ‘प्रतिकृती’ म्हणावं का? आणि ‘क्लोन’ तो, ती की ते?

आधी रोपवाटिकेचं घेऊ, कारण शब्दाचं मूळ घर तेच आहे. ग्रीक भाषेत ‘क्लोन’ म्हणजे डहाळी. १९०३ मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट वेबर यांनी तो शब्द बियांशिवाय, म्हणजे कलम, कंद किंवा फुटवा यांतून वाढवलेल्या झाडांच्या समूहासाठी सुचवला. तेव्हा प्राणी कुणाच्या डोक्यातही नव्हते. म्हणजे डाळिंबाची गुटी बांधणारा शेतकरी अगदी मूळ अर्थानं क्लोनिंग करतो. पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीवरची दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढायची, आतला बुळबुळीत थर खरवडायचा, वरच्या कडेला मुळं फोडणारं संजीवक लावायचं, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधायची. महिना-दीड महिन्यात मुळं दिसली की फांदी खालून कापून पिशवीत लावायची. तो थर नीट खरवडला नाही तर जखम भरून साल परत जुळते आणि मुळं फुटतच नाहीत.

बी लावून आलेलं डाळिंब आईवर जाईलच असं नाही. गुटीचं मात्र जातं, म्हणून ‘भगवा’ हा डाळिंबाचा वाण ‘भगवा’च राहतो. पण याचीच दुसरी बाजू तेल्या या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाच्या वेळी दिसते. सगळी बाग एकाच जनुकसंचाची असेल तर रोगाला बळी पडण्याची तयारीही सगळ्या झाडांची सारखीच असते. शिवाय मातृवृक्षातच तेल्याचे जिवाणू असले तर ते गुटीबरोबर नव्या बागेत जातात. ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून वाढवलेली) रोपं रोगमुक्त मातृवृक्षापासून घेण्याचा आग्रह त्यासाठीच. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात तरी ‘क्लोन’ हा शब्द परका मानायचं काही कारण नाही.

प्राण्यांत फांदी कापून लावता येत नाही. तिथे करतात ते असं: एका मादीचं बीजांड घ्यायचं, त्यातलं केंद्रक काढून टाकायचं आणि ज्या जनावराचा क्लोन हवा त्याच्या कातडीची किंवा दुसऱ्या एखाद्या अवयवाची पेशी त्यात विजेच्या सूक्ष्म झटक्यानं एकजीव करायची. मग रसायनांनी त्याला फलित झाल्याचा भास द्यायचा, सात-आठ दिवस प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायचा आणि तिसऱ्याच मादीच्या गर्भाशयात सोडायचा. डॉली मेंढी साधारण अशाच रीतीनं झाली. पेशी फिन डॉर्सेट जातीच्या सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेची, बीजांड आणि गर्भाशय स्कॉटिश ब्लॅकफेस मेंढ्यांचं. २७७ बीजांडं पेशींशी जोडली, त्यांतून २९ भ्रूण मिळाले, ते १३ मेंढ्यांत सोडले आणि ५ जुलै १९९६ ला एकच कोकरू जन्मलं.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं म्हशीसाठी ही रीत सोपी केली. महागडी सूक्ष्म उपकरणं टाळून बीजांडाचं कवच विकरानं विरघळवायचं आणि केंद्रकाचा भाग बारीक पात्यानं हातानंच कापून टाकायचा. २००९ च्या फेब्रुवारीत त्यातून समरूपा ही पारडी झाली, पण ती काही दिवसांतच दगावली.

अपयशाचं प्रमाण इतकं का, हे समजलं की शब्दाचा प्रश्नही निम्मा सुटतो. कातडीच्या पेशीत सगळी जनुकं असतात, पण बहुतेकांना कुलपं घातलेली असतात, कारण त्या पेशीला फक्त कातडीचं काम करायचं असतं. बीजांडाला काही तासांत ती कुलपं काढून गर्भाच्या सुरुवातीला हवी तशी पुन्हा लावायची असतात. यात जराशी चूक राहिली की वार (गर्भाला पोसणारा अवयव) नीट बनत नाही, गर्भ पडतो, वासरू प्रमाणाबाहेर मोठं होतं किंवा जन्मल्यावर त्याला श्वास घेता येत नाही.

म्हणून ‘प्रतिकृती’ हा शब्द मला चुकीचा वाटतो. प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूसारखीच घडवलेली तयार वस्तू. पुतळ्याची, नाण्याची किंवा देवळाची प्रतिकृती होते. क्लोनमध्ये सारखा असतो तो फक्त केंद्रकातला जनुकसंच, आणि जीव त्यातून नव्यानं वाढतो. २००१ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये जन्मलेली क्लोन मांजरी ‘सीसी’ हे याचं उत्तम उदाहरण. मूळ मांजरी रेनबो तीन रंगांची होती. सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. मांजरात नारिंगी-काळ्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडलेलं असतं. घेतलेल्या पेशीत नारिंगीवालं बंद होतं, ते बंदच राहिलं. शिवाय पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांची) ३७ जनुकं बीजांडाबरोबर येतात. डॉलीची ती जनुकं ब्लॅकफेस मेंढीकडची होती. या हिशेबानं एका बीजांडातून झालेली जुळी भावंडं क्लोनपेक्षा एकमेकांना जवळची ठरतात.

मग दुसरा शब्द कोणता? विज्ञानाच्या परिभाषेत ‘कृत्तक’ घडवलेला आहे. ‘कृत्’ म्हणजे कापणे, त्यामुळे डहाळीच्या अर्थाशी तो छान जुळतो. अडचण एवढीच की उंदीर-खारींच्या गणाला ‘कृंतक’ म्हणतात, आणि क्लोन उंदीरही १९९८ मध्येच जाहीर झाला. एका अनुस्वारावर अर्थ टांगून ठेवण्यात फायदा नाही. ‘नक्कल’, ‘हुबेहूब’, ‘डुप्लिकेट’ यांत प्रतिकृतीचाच दोष आणखी ठळक होतो. समजावून सांगायचं तर ‘मागाहून जन्मलेलं जुळं’ म्हणा; वर सांगितलेला मायटोकॉन्ड्रियाचा फरक सोडला तर ते बरंच अचूक आहे. एरवी सरळ ‘क्लोन’च लिहा.

लिंगाचं म्हणाल तर नाम म्हणून ‘तो क्लोन’, अनेकवचनही ‘क्लोन’च, आणि क्रियेला ‘ते क्लोनिंग’. जनावराच्या नावाआधी आला की विशेषणासारखा वागतो, लिंग जनावराचं: ‘क्लोन कालवड जन्मली’, ‘क्लोन रेडा वाढवला’. षष्ठी नेहमी पेशी देणाऱ्याची लावायची. कर्नालला १६ मार्च २०२३ ला झालेली गंगा ही कालवड गीर गाईचा क्लोन आहे. बीजांड किंवा गर्भाशय देणाऱ्या गाईचा नव्हे. आणि क्लोनची संतती क्लोन नसते. गरिमा-२ या क्लोन म्हशीला २०१३ मध्ये महिमा झाली, ती नेहमीच्या रेतनातून, म्हणून महिमाला ‘क्लोन पारडी’ लिहिणं चूक.

माणसाच्या बाबतीत ‘प्रतिकृती’ नुसती चूक राहत नाही, ती घातक होते. ‘गेलेल्या मुलाची प्रतिकृती’ म्हटलं की दुःखात बुडालेल्या आईबापांना तेच मूल परत मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात वेगळंच माणूस जन्माला येईल, आणि दुसऱ्यासारखं असण्याचं ओझं त्याच्यावर पहिल्या दिवसापासून पडेल. त्यात प्राण्यांमधले गर्भपात आणि मृत्यू धरले, तर असा प्रयोग बाईच्या शरीरावर आणि होणाऱ्या बाळावर करणं मला कोणत्याही कारणानं समर्थनीय वाटत नाही. भारताच्या २०१७ च्या मूलपेशी (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी) संशोधन मार्गदर्शक तत्त्वांतही ते निषिद्ध आहे.

पण इथे आणखी एक भेद पाळायला हवा. भ्रूण गर्भाशयात सोडून मूल जन्माला घालणं हे ‘प्रजननात्मक क्लोनिंग’; भ्रूण गर्भाशयात न सोडता काही दिवस वाढवून त्यातून मूलपेशी घेणं हे ‘उपचारात्मक क्लोनिंग’. ८ मार्च २००५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी क्लोनिंगचे सर्व प्रकार रोखण्याचा जाहीरनामा ८४ विरुद्ध ३४ मतांनी संमत केला, ३७ देश तटस्थ राहिले. भारतानं विरोधात मत दिलं, कारण त्यात दोन्ही प्रकार एकत्र बांधले होते. ‘भारताचा मानवी क्लोनिंगला पाठिंबा’ असा मथळा त्यामुळे साफ खोटा ठरतो. जागा कमी असली तरी ‘प्रजननात्मक’ किंवा ‘उपचारात्मक’ हे विशेषण मथळ्यातून गाळू नये.