'पाठीशी घातलं' इथे चालणार नाही

प्रश्न आलाय की मुलीच्या शाळेतल्या भाषणात "इरेना सेंडलरबाईंनी ज्यू मुलांना पाठीशी घातलं" हे वाक्य चालेल का, आणि मोरल करेजला मराठीत काय म्हणायचं. (सेंडलरबाई म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना वाचवणाऱ्या पोलिश समाजसेविका.)

वाक्य बदला, प्लीज. पाठीशी घालणं म्हणजे चूक माहीत असून झाकणं, साहेब पैसे खाणाऱ्या क्लार्कला पाठीशी घालतात, आई लाडक्या लेकाला. म्हणजे ज्याला वाचवलं त्याने काहीतरी गुन्हा केलाय हे त्यात आलंच. वॉर्साच्या घेटोतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, पोरांनी काय केलं होतं? ज्यू घरात जन्मली एवढंच, आणि तोच गुन्हा असं नाझी म्हणत होते, मग आपण नकळत त्यांचीच री ओढायची का?

अभय देणंही नको, अभय ज्याच्या हातात सत्ता असते तो देतो. आश्रयाचंही थोडंफार तसंच, युद्धाच्या काळात पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहिले तिथे आश्रय हा शब्द चपखल बसतो. सेंडलरबाई वॉर्सा महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात होत्या, त्यांच्या हातात काय होतं तर साथीच्या रोगांच्या कामाचा एक पास, तो दाखवून घेटोत जायचं आणि पोरांना गुपचूप बाहेर काढायचं, आणि ज्यूंना मदत करताना सापडलं तर जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये सरळ मृत्युदंड. बाहेर काढलेल्या मुलांची खरी नावं पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलेली असायची, युद्ध संपल्यावर आईबापांना ती परत सापडावीत म्हणून. 1943 च्या ऑक्टोबरमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बाईंना पकडलं, हालहाल केले, पण एकाही पोराचा ठावठिकाणा त्यांच्या तोंडून निघाला नाही. ती यादी नंतर बरणीत घालून बागेत पुरली होती. मला तर हे वाचताना दरवेळी गलबलून येतं.

मोरल करेजला कोशातला शब्द नीतिधैर्य आणि तो चांगलाय, फक्त पेपरवाले "संघाचं नीतिधैर्य खचलं" असंही लिहितात, तिथे खरं तर मनोधैर्य पाहिजे, त्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो. नुसतं धाडस म्हणाल तर ते कडा चढणाऱ्यातही असतं. लेखात नीतिधैर्य लिहा, भाषणात मात्र मी "जिवावर उदार होऊन" म्हणेन, सातवीतल्या पोरांनाही लगेच कळतं.

आणि "आसरा दिला" लिहिणार असाल तर जरा जपून, कारण घरात ठेवून घेतलं ते पोलिश कुटुंबांनी, अनाथाश्रमांनी आणि कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी, त्यांचाही जीव तेवढाच धोक्यात होता आणि त्यातल्या कित्येकांची नावं कुणी घेतही नाही. म्हणून वाक्य असं करा: "सेंडलरबाईंनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी जिवावर उदार होऊन ज्यू मुलांना घेटोतून बाहेर काढलं आणि त्यांना आसरा मिळवून दिला."