सीलिएक असलेल्या मुलीसाठी घरचा ग्रॅनोला: ओट्स राहू द्या, ज्वारी घ्या

ताई, तुमची मुलगी बारा वर्षांची, सीलिएकचं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं दुखावण्याच्या आजाराचं, निदान नुकतंच झालंय, शाळेची बस सकाळी लवकर येते आणि पोळी बंद झाल्यापासून न्याहारीला काय द्यायचं हा रोजचा घोर. बाजारचा ग्लूटेन-फ्री ग्रॅनोला (गोड पाकात भाजलेलं धान्य आणि दाण्यांचं कुरकुरीत मिश्रण) परवडेना, म्हणून तुम्ही साधे ओट्स आणि मध घालून घरी केला. तो मऊ पडला, वर तिचं पोटही बिघडलं. ओट्स चालतात की नाही आणि ग्रॅनोला कुरकुरीत कसा होतो, हे तुम्ही विचारलंय. आमच्या एकत्र घरात माझ्या पुतण्याला सीलिएक आहे आणि त्याच्या खाण्यापिण्याचं बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ओट्स सध्या पूर्ण बंद ठेवा. ओट्समध्ये गव्हातलं ग्लूटेन नसतं हे खरं, पण साधे ओट्स शेतापासून कारखान्यापर्यंत गहू आणि जवाच्या संगतीत फिरतात, आणि सीलिएकवाल्याला तेवढी भेसळसुद्धा बाधते. तपासून पॅक केलेले शुद्ध ओट्स मिळतात, बहुतेकांना ते चालतातही. पण ओट्सच्या स्वतःच्या प्रथिनाचाही काहींना त्रास होतो. आतडं अजून भरून यायचंय, तेव्हा पहिलं वर्ष तरी हा प्रयोग नको. पुढे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि खरं सांगू का, सोलापुरात राहून ओट्सच्या मागे लागायची गरजच नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, मालदांडी ज्वारी आपल्या घराघरात आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, शंभर ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा असतो. मुलीला चवही ओळखीची. ग्रॅनोलासाठी ज्वारीचे पातळ पोहे घ्यायचे. कोरड्या कढईत मूठभर भाजून चावून बघा, कुरकुरीत झाले तर बरोबर. चिवट राहिले तर ते जाड आहेत, ते फोडणीच्या पोह्यांना ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण ज्वारी ज्या वाटेने घरी येते त्या वाटेवर गहू असतो, आणि घरच्या ग्रॅनोलात चूक होते ती बहुतेक इथेच. ज्वारी आणि गहू दोन्ही रब्बीचे, मळणी यंत्र बऱ्याचदा तेच, पोतीही तीच फिरतात. गिरणीत तुमच्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, ती पहिली पायली गव्हाचं पीठ घेऊनच खाली उतरते. लाह्यांच्या भट्टीवर त्याच वाळूत गहूही भाजतात. त्यामुळे सुट्या लाह्या, सुटे पोहे तिच्यासाठी घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ असं स्पष्ट छापलेलं बघा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमाप्रमाणे तसं छापायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. शिवाय मागच्या बाजूला ‘गव्हाचा अंश असू शकतो’ अशी बारीक ओळ आहे का, तेही वाचा.

लाह्या घरी करता आल्या तर उत्तमच. नागपंचमीला करतो तशाच. ज्वारी हाताने निवडून गव्हाचे दाणे काढायचे, धुवायची, गरम पाण्यातून काढून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी वरचं पाणी सुकू द्यायचं आणि चांगल्या तापलेल्या कढईत मूठ मूठ टाकून फोडायची. भाकरीची ज्वारी नीट फुटत नाही, लाह्यांची वेगळी मिळते ती मागून घ्या.

तुमच्याकडे नातेवाइकांचा राबता असणार, म्हणून हेही लिहून ठेवते: खपली चालत नाही. “खपली पचायला हलका, हुग्गी खाल्ली तर काय होतंय” असं कुणीतरी मायेने म्हणणारच. खपली हा गहूच आहे, ग्लूटेनसकट. सातूही नको, मग तो जव असो की गहू-डाळं भाजून केलेलं सातूचं पीठ. बाजारच्या ग्रॅनोलात आणि कॉर्नफ्लेक्समध्ये ‘माल्ट’ लिहिलेलं असलं की ते जवापासून आलेलं धरा. आणि डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

आता कृती. ज्वारीचे पोहे 250 ग्रॅम, शेंगदाणे 100 ग्रॅम, भोपळ्याच्या बिया 50, पॉलिश न केलेले तीळ 40, जवस 25, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप 35 ग्रॅम. राजगिऱ्याच्या लाह्या 50 ग्रॅम वेगळ्या ठेवा. वजनाने एवढ्याच, पण पातेलं भरून होतात. घरच्या ज्वारीच्या लाह्या असतील तर त्याही दोन मुठी ह्यांच्याबरोबर वेगळ्या ठेवा. पाकासाठी गूळ 120 ग्रॅम, पाणी तीन चमचे, तेल 60 मिलिलिटर. तेल करडईचं किंवा शेंगदाण्याचं. मला करडईचं आवडतं, गुळाच्या चवीवर कुरघोडी करत नाही. सुंठ, वेलची आणि अर्धा चमचा मीठ. मीठ गाळू नका, त्यावाचून सगळं नुसतंच गोड लागतं.

शेंगदाणे आधी अर्धवट भाजून, साल काढून, दोन फाका करून घ्या. जवस तडतडेपर्यंत भाजा आणि जरासा भरडा, अख्खा जवस मुलांच्या पोटातून न पचताच जातो. गूळ पाण्यात विरघळवून गाळा, एक उकळी आणा, गॅस बंद करून त्यात तेल, मीठ, सुंठ, वेलची घाला. हा गरम पाक लाह्या सोडून बाकी सगळ्यावर ओता आणि हलक्या हाताने कालवा, प्रत्येक पोह्याला चकाकी आली पाहिजे. लाह्या सगळ्यात शेवटी, नाहीतर त्याच पाक पिऊन टाकतात आणि पोहे कोरडे राहतात.

ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) 150 अंश सेल्सिअसवर तापवा. ट्रेवर बटर पेपर, त्यावर मिश्रण बोटभर जाडीचं पसरा आणि वाटीच्या बुडाने चांगलं दाबा. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून 160 च्या वर जाऊच नका. पंधरा मिनिटांनी ट्रे फक्त फिरवून ठेवा, मिश्रण हलवू नका. एकूण पंचवीस ते तीस मिनिटं. कडा बदामी झाल्या आणि खोबऱ्याचा वास सुटला की बाहेर काढा. त्या वेळी ते मऊच लागेल, घाबरून परत भाजू नका. ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ द्या, मग हाताने मोडा, चांगले मोठे तुकडे पडतात. गार होऊनही मऊ राहिलं तरच 130 अंशांवर आणखी दहा मिनिटं ठेवा.

तुमचा ग्रॅनोला मऊ का पडला, याचं उत्तर बहुधा मधात आहे. मध हवेतलं पाणी ओढतो, आणि भाजणं थोडं कमी पडलं की दुसऱ्या दिवशी सगळं लिबलिबीत. गूळही पाणी ओढतोच, पण मधाइतका नाही. आपली कोरडी हवा इथे कामी येते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाच मिनिटं जास्त भाजा आणि गार झाल्या झाल्या डब्यात भरा.

ओटीजी नसलेल्या बायकाही हे वाचतील, त्यांच्यासाठी: पोहे, दाणे, बिया कढईत वेगवेगळ्या मंद आचेवर पूर्ण भाजून घ्या. गुळाचा पाक मात्र पुढे न्यावा लागतो. गार पाण्यात थेंब टाकला की त्याची घट्ट गोळी झाली पाहिजे; चिक्कीसारखी कडक नको, दाताला लागते. चमचाभर तेल घालून सगळं भराभर कालवा आणि ताटात थापा. चव सुंदर लागते, कुरकुरीतपणा थोडा कमी.

बेदाणे भाजल्यानंतर घाला, आधी घातले तर खडे होतात. आपल्याला सांगली-तासगावचे, पंढरपूरकडचे बेदाणे सहज मिळतात. खजूर अख्खा आणून घरी चिरा; चिरून विकायच्या खजुराला चिकटू नये म्हणून पीठ चोळलेलं असू शकतं. डाळिंबाचे दाणे वाढताना वरून, डब्यात नाही. दह्याबरोबर हा ग्रॅनोला दुधापेक्षा चांगला लागतो. शिवाय निदानानंतर सुरुवातीला आतडं दुखावलेलं असताना काही मुलांना दूध सोसत नाही, दही सोसतं. तसं होतंय का, लक्ष ठेवा.

किती द्यायचा? एका वेळी 40 ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी. एवढ्यात बेदाणे सोडून साडेसहा ग्रॅमच्या आसपास गूळ जातो. गूळ म्हणजे साखर नव्हे असं मानून हात सैल सोडू नका, शरीराला दोन्ही जवळपास सारखेच. पौष्टिकपणा येतो तो तीळ, राजगिरा आणि बियांमुळे. सीलिएकमध्ये लोह आणि कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, म्हणून तिच्या वाट्याला तीळ-राजगिरा मुद्दाम जास्त. काजू-बदामाशिवाय ग्रॅनोला होत नाही हा समज सोडा, आपला शेंगदाणा पुरेसा आहे.

स्वयंपाकघरात हे काम कणीक मळण्याच्या आधी करायचं, नंतर नाही. पीठ हवेत उडतं आणि ओट्यावर बसतं. ट्रे, लाकडी उलथनं, चाळणी, मिक्सरचं एक भांडं तिच्यासाठी वेगळं काढा आणि त्याला रंगीत चिकटपट्टी लावा. नानकटाईचा जुना ट्रे कितीही घासला तरी कोपऱ्यात काय राहिलंय ते दिसत नाही.

डब्यात हवा न लागता दोन-तीन आठवडे छान राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की जवस आणि शेंगदाणे लवकर खवट होतात, तेव्हा अर्ध्या मापाने करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. गोडाचा कंटाळा आला तर तिखटही करता येतो: गूळ फक्त 30 ग्रॅम, त्यात लसूण, लाल तिखट, जिरं वाटून, शेंगा दुप्पट. आपल्या शेंगाचटणीचीच चव. आमच्या पुतण्याच्या डब्यातला हा सगळ्यात आधी संपतो, वर्गातली मुलंच संपवतात. हिंग मात्र घालू नका.

शेवटी एक, कृतीबाहेरचं. तुम्ही लिहिलंय की आता अख्ख्या घरानेच गहू सोडायचा विचार आहे. थोडं थांबा. सीलिएक रक्ताच्या नात्यात असू शकतो, म्हणून धाकट्या मुलाची आणि तुम्हा दोघांची टीटीजीची (सीलिएक ओळखायची) रक्ततपासणी आधी करून घ्या, त्रास काही नसला तरीही. ती तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. गहू सोडून काही महिने गेले तर असलेला आजारही तिच्यात दिसेलच असं नाही. तपासण्या झाल्या, डॉक्टरांशी बोलणं झालं की मग घरात काय शिजवायचं ते ठरवा.