पॅर्ट ऐकायचाय? मग घाई नको

भाऊ, आर्वो पॅर्टची सुरुवात मोठ्या कोरसच्या रचनांनी करू नकोस. १९७६ची ‘फ्यूर अलीना’ घे, पियानोची दोनच पानांची रचना. एस्टोनियाचा हा संगीतकार, जन्म १९३५चा. १९६८नंतर काही वर्षं जवळजवळ गप्पच, जुनं चर्चगायन अभ्यासत बसला. मग वाट सापडली: एक आवाज सुरांच्या पायऱ्या चढतो-उतरतो, दुसरा फक्त सा, कोमल ग, प यांतच फिरतो. तानपुऱ्यावर कान तयार असेल तर लगेच उमजेल. त्यासाठी हार्मनी, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं सूर एकत्र जुळवायचं शास्त्र, शिकत बसू नको.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नाही हं! मी पहिल्यांदा भुसावळ पॅसेंजरमध्ये ऐकला, ओ की ठो कळलं नाही. मग एका रात्री जळगावात लाइट गेली, कूलर थांबला, आणि सुरांमधली शांतता ऐकू आली.