वाचकांचे प्रश्न : रेल्वे मंत्र्यांची, मंडळाची की मतदारसंघाची?

प्रश्न : पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकतो : ‘मंत्री ज्या राज्याचा, गाड्या त्या राज्याच्या.’ रेल्वे मंडळावर एवढे तज्ज्ञ अधिकारी असताना राजकारण्यांचे इतके कसे चालते? आणि नाशिक-पुणे रेल्वेमार्गही राजकारणामुळेच रखडला आहे का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : डब्यातले वाक्य अर्धे खरे आहे. रेल्वे मंडळ १९०५ पासून अस्तित्वात असले, तरी नवा मार्ग, नवा विभाग किंवा कारखाना मंजूर करण्याचा आणि भाडे ठरवण्याचा अंतिम अधिकार केंद्र सरकारचा आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रेल्वेत ते गैरही नाही, कारण नफ्याचाच हिशेब धरला असता तर कितीतरी मागास भागांत रूळ कधीच पोहोचले नसते. गाडी कुठे न्यायची हे लोकप्रतिनिधींनी ठरवावे. मात्र त्या निर्णयाचा खर्च कोण सोसणार हे त्यांनी त्याच वेळी उघडपणे सांगितले पाहिजे, आणि नेमके तेच क्वचित घडते.

पूर्व मध्य रेल्वेचे उदाहरण पाहा. तिचे मुख्यालय बिहारमधील हाजीपूरला, म्हणजे १९९६ मध्ये ज्या रेल्वेमंत्र्यांनी या विभागाचा पाया घातला त्या रामविलास पासवान यांच्याच मतदारसंघात आले. ऑक्टोबर २००२ मध्ये, नीतीश कुमार रेल्वेमंत्री असताना, पूर्व रेल्वेचा काही भाग तोडून हा विभाग कार्यान्वित झाला, तेव्हा ममता बॅनर्जी यांनी त्याला कडाडून विरोध केला. वाद दोन राज्यांच्या अभिमानाचा झाला आणि कारभाराच्या सोयीचा मुद्दा बाजूलाच पडला.

भाड्याच्या बाबतीत तर हे अधिकच स्पष्ट दिसते. मार्च २०१२ मध्ये दिनेश त्रिवेदी यांनी अर्थसंकल्पात प्रवासी भाडे वाढवले आणि त्यांच्याच पक्षाने त्यांना काही दिवसांत मंत्रिपद सोडायला लावले. त्यांच्या जागी आलेल्या मुकुल रॉय यांनी वातानुकूलित वरच्या वर्गांखेरीज बाकीची वाढ मागे घेतली. जून २०१४ मध्ये सरकार बदलले होते, पण भाडेवाढ जाहीर होताच मुंबईतील खासदारांनी ओरड केली आणि उपनगरी गाड्यांच्या द्वितीय वर्गाला ८० किलोमीटरपर्यंत सवलत मिळाली. प्रवासी भाड्यातली ही तूट मुख्यतः मालवाहतुकीच्या दरांतून भरून काढली जाते, म्हणजेच स्वस्त तिकिटाची किंमत कोळसा, सिमेंट आणि धान्य यांच्या वाहतूकखर्चात जाऊन बसते. ती कोणत्याही तिकिटावर छापलेली नसते, म्हणून तिच्यासाठी कोणी मोर्चाही काढत नाही.

स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प १९२४ पासून होता. २०१७ मध्ये तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. भाषणात आपल्या गावच्या गाडीचे नाव येईल का म्हणून लोक रेडिओला कान लावून बसत, तो प्रकार त्याबरोबर संपला. दबाव कमी झाला असे मात्र मला वाटत नाही. तो सभागृहातून निघून निवेदनांत आणि पत्रांत गेला, आणि त्यामुळे दिसेनासा झाला.

दैनंदिन संचालनात या दबावाची झळ वेळापत्रकाला बसते. खासदारांच्या पाठपुराव्याने मिळालेला थांबा कागदोपत्री ‘प्रायोगिक’ असतो, पण एकदा दिलेला थांबा काढून घेण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. आपल्या मार्गावर कसाऱ्याहून इगतपुरीकडे सदतिसास एक, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे आणि बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडावी लागतात. तिथे एका गाडीची काही मिनिटे गेली की मागच्या गाड्या खोळंबतात आणि प्रवासी बिचारे स्टेशनमास्तरला बोल लावतात. एक जागा मात्र जाणीवपूर्वक दूर ठेवलेली आहे : रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, आणि त्यांच्या तपासणीशिवाय नव्या मार्गावर प्रवासी गाडी सुरू करता येत नाही, हिरवा झेंडा घेऊन कोणीही उभे असो.

आता नाशिक-पुणे. सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे आखलेल्या सुमारे २३५ किलोमीटरच्या मूळ मार्गाला खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची अडचण आली, कारण विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे तिथल्या सूक्ष्म निरीक्षणांत व्यत्यय येऊ शकतो. त्यानंतर शिर्डीमार्गे पर्याय पुढे आला आणि सिन्नर-संगमनेरकरांना त्यात राजकारणाचा वास आला. माझ्या मते अडचण खरी आहे. पण दुर्बीण काही काल उभी राहिलेली नाही, मग ती आखणी करतानाच विचारात का घेतली गेली नाही, याचे उत्तर मंत्रालयाने आणि राज्य सरकारने दोघांनी द्यायला हवे.

प्रश्न : देवळालीची किसान रेल्वेही निवडणुकीपुरतीच होती का?
– एक कांदा उत्पादक, निफाड

उत्तर : पूर्णपणे नाही. देशातील पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघाली आणि पुढे अधिसूचित फळे-भाज्यांच्या वाहतूक दरात ५० टक्के अनुदान मिळू लागल्यावर तिला चांगला माल मिळाला. अडचण अशी की तो दर रेल्वेच्या स्वतःच्या हिशेबात बसणारा नव्हता, त्यामुळे अनुदान आटल्यावर गाडीही टिकली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, देवळाली-दानापूर अशीच गाडी ‘शेतकरी समृद्धी’ या नावाने पुन्हा सुरू झाली. तेव्हा पुढच्या वेळी निवेदन द्याल, तर केवळ गाडी मागू नका. अनुदान कोणत्या खात्यातून आणि किती वर्षांसाठी मिळणार, हे लेखी मागा.